चौथ्या वाफ्यातली पावलं

बांध घालण्यात ओळंब्याचा हात धरणारा आमच्या मिठागरात कुणी नाही. ओळंबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. मुकादमाने एकदा त्याच्या बांधाला दोरी लावून बघितली आणि दोरीच वाकडी निघाली, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो, तेव्हापासून ते नाव त्याला चिकटलं. मला रेडिओ म्हणतात. बटण दाबायचीही गरज पडत नाही, असं माझी बायको म्हणते.

त्याचे वाफे चार, माझे चार, मधे एक सामाईक बांध. बांध म्हणजे काय, चिखलाची दीड वीत रुंदीची वाट, दोन्ही अंगांना खारं पाणी. आमचं येणंजाणं सगळं त्याच्यावरून. म्हणून आमच्याकडे पोर सहा वर्षांचं झालं की त्याच्या डोक्यावर पाण्याची भरलेली कळशी देतात आणि हौदापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत बांधावरून चालवतात. कळशीला एक हात लावलेला चालतो, दोन नाही, कारण दुसऱ्या हातात पुढे जन्मभर फावडं असणार. थेंब सांडला की परत हौदापासून. बाप दुसऱ्या टोकाला उभा असतो आणि एकच शब्द बोलतो, पुन्हा. माझ्या बापाने मला अकरा वेळा चालवलं होतं. मान आठ दिवस दुखत होती. पण त्यानंतर मी बांधावरून पडलो नाही, हेही खरं.

ओळंब्याची मुलगी दुसऱ्याच खेपेला पास झाली. काटकुळे पाय, मोठा आवाज आणि बांधावरून पळण्याची खोड, म्हणून तिला सगळे टिटवी म्हणायचे. सात वर्षांची पोर, पण आम्हा बारा माणसांना दिवसभर पिण्याचं पाणी तीच पुरवायची. कळशी डोक्यावर आणि तोंडाने बडबड चालू. ओळंबा तोंडाने कधी कौतुक करणाऱ्यातला नाही. पण ती बांधावरून येताना दिसली की तो फावडं टेकवून बघत उभा राहायचा, ती जवळ आली की खाली वाकून कामाला लागायचा.

पाऊस संपला आणि आमचं तुडवण्याचं काम सुरू झालं. पावसाळ्यात वाफ्यांचा तळ भुसभुशीत होतो. पाणी काढून टाकायचं, चिखल जरा वाळू द्यायचा, मग रोज अनवाणी पायांनी टाच दाबून दाबून तुडवायचा, तो चामड्यासारखा घट्ट होईपर्यंत. मगच त्यात खारं पाणी सोडता येतं, नाहीतर मीठ काळं निघतं. पोटऱ्यांत गोळे येतात, टाचांना भेगा पडतात, भेगांत खार जातो आणि माणूस संध्याकाळी घरी कोंबड्यासारखा पाय उचलत जातो. त्यात अमावास्येचं उधाण आठ दिवसांवर आलं होतं. त्याच्या आत सगळे बांध पक्के झाले पाहिजेत म्हणून मुकादम सकाळपासून घिरट्या घालत होता.

कांजिण्या येऊन गेल्या त्या याच्या आधी. वस्तीतल्या अकरा पोरांना झाल्या. ओळंब्याच्या धाकट्याने तर खाजवून खाजवून अंगाची चाळण करून घेतली. टिटवीला मोजून तीस-चाळीस फोड आले आणि आठवड्यात खपल्या धरल्या. बारा दिवस ती घरात होती. गादीवर बसून आईला हुकूम सोडायची. खपल्या पडल्या, वहिनींनी, म्हणजे ओळंब्याच्या बायकोने, तिला कडकडीत पाण्याने आंघोळ घातली आणि पोर पुन्हा कामावर आली. अकराच्या अकरा पोरं बरी झाली म्हणून वस्तीने सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतर आठवडाभराने, सोमवारी, ती बांधावरून पडली.

नुसती पडली नाही. ओळंब्याने सकाळीच तो सामाईक बांध ओल्या चिखलाने लिंपला होता. ती कडेला गेली, गुडघा बांधात रुतला, कळशीसकट ती माझ्या बाजूला कोसळली आणि बांधाचा हातभर तुकडा बरोबर घेऊन गेली. ओळंब्याच्या तयार होऊन भरलेल्या तिसऱ्या वाफ्यातलं खारं पाणी माझ्या तिसऱ्या वाफ्यात घुसलं. पाच दिवस तुडवलेला तळ होता तो. माझ्या डोळ्यांसमोर त्याचा पुन्हा चिखल झाला.

माणसाने अशा वेळी आधी पोराला उचलावं. मी आधी वाफा बघितला. मग, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ओळंब्या, नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. तुझ्या पोरीला चालता येईना, बांध वाकडा."

माणसं हसली. सकाळपासून तुडवून आंबलेल्या माणसांना हसायला फार लागत नाही. मुकादम पलीकडून ओरडला, "काय सांगतोस? ओळंब्याचा बांध पडला? लिहून ठेवा रे कुणीतरी."

ओळंब्याने चिखल आणला, खिंडार बुजवलं, हाताने थोपटलं, फावड्याच्या पाठीने घासून सरळ केलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. टिटवी बाजूला चिखलात बसून होती.

"बारा दिवस बसून खाल्लं, पायांना गंज चढला," तो तिला म्हणाला. "ऊठ. कळशी भर."

तो शेवटच्या वाफ्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि ती हौदापासून निघाली. पहिल्या खेपेला दहा पावलांत पाणी तिच्या खांद्यावर आलं. "पुन्हा," तो म्हणाला. दुसऱ्या खेपेला कळशीच खाली आली. "पुन्हा." ती पाय फाकवून चालत होती, दोन बोटींवर दोन पाय ठेवल्यासारखी. मला वाटलं, मुद्दाम करते आहे. सगळ्यांनाच वाटलं. मुकादम म्हणाला, "पोरगी दुपारचीच झिंगली," आणि परत हशा झाला. टिटवी त्याला काहीतरी बोलली, उलट बोलण्यात ती पटाईत. पण शब्द जड आले, जीभ चावल्यासारखे, आणि कुणालाच कळले नाहीत.

सात वेळा सांडलं. आठव्या खेपेला तिने कळशी दोन्ही हातांनी घट्ट धरली, पाय उचललेच नाहीत, बांधावरून सरकवत सरकवत आणले. एक थेंब सांडला नाही. ती बापासमोर येऊन उभी राहिली. हनुवटी थरथरत होती.

"दोन हात लावलेस," ओळंबा म्हणाला. "पुन्हा."

तेवढ्यात वहिनी दुपारचा डबा घेऊन आल्या. त्यांनी डबा खाली ठेवला, पोरीच्या डोक्यावरची कळशी उतरवली, पाणी तिथेच ओतून दिलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुरे." टिटवी घरी निघाली. बांधावरून नाही. ओळंब्याचा चौथा वाफा अजून तुडवायचा बाकी होता, नुसता निथळत पडला होता, त्याच्यातून आडवी गेली. तळ तयार झाला की त्यावर पाऊल टाकायची कुणाची छाती नाही, पण न तुडवलेल्या वाफ्यातून पोरं जातात, त्याला कोण काही म्हणत नाही. मी हे सगळं बघत होतो. बोललो नाही. जे बोलायचं नव्हतं ते आधीच बोलून बसलो होतो.

मंगळवारी ती पाणी घेऊन आली ती खालच्या रस्त्याने, लांबून. कळशी कमरेवर होती आणि आली तेव्हा निम्मीच भरलेली होती. ओळंब्याने तिच्याकडे बघितलं नाही, तिने त्याच्याकडे बघितलं नाही. बाप तशी लेक. संध्याकाळी वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या की पोरगी पेला तोंडाला लावायला जाते आणि तो गालाला लागतो. सकाळी उलटीही झाली. "रुसून बसली आहे," माझी बायको म्हणाली. "बापाचा राग अन्नावर काढते." वहिनी म्हणाल्या, "आमचे हेही तसंच म्हणतात. सोंग आहे म्हणतात."

बुधवारी सकाळी ओळंबा चौथा वाफा तुडवायला उतरला. मी माझ्या तिसऱ्यात होतो, पहिल्यापासून सुरुवात करत. बराच वेळ त्याच्या पायांचा आवाज आला नाही, म्हणून मी मान वर केली. तो वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला होता.

"काय रे, साप आहे का?"

तो म्हणाला, "इकडे ये. बांधावरून ये, आत पाय टाकू नको."

आमच्या कामात पावलं वाचता येतात. तळावर कोण चालून गेलं ते आम्ही टाचेवरून सांगतो. मुकादमाचा डावा पाय बाहेर पडतो, माझा अंगठा उचललेला असतो. आणि चिखल रोज वाळत जातो, म्हणून कालच्यापेक्षा परवाचं पाऊल खोल. चौथ्या वाफ्यातून त्या आठवड्यात एकटी टिटवीच गेली होती. रोज एकदा, घरी जाताना. चार दिवसांच्या चार ओळी एकमेकींशेजारी उमटलेल्या होत्या.

सगळ्यात खोल ती शनिवारची. पळत गेलेली, एकापुढे एक पाऊल, बांधावर चालल्यासारखं. रविवारची ओळ जरा रुंद झाली होती आणि दोन ठिकाणी पाऊल बाजूला पडलेलं होतं. सोमवारची त्याहून रुंद. मंगळवारची ओळ वाफ्याच्या मध्यापर्यंत होती. तिथे बसल्याची खूण होती. त्याच्यापुढे पावलं नव्हतीच. पुढे पलीकडच्या काठापर्यंत दोन हातांचे पंजे, आणि मधोमध अंग ओढल्याचा पट्टा.

"मंगळवारी इथे कुणी होतं?" ओळंब्याने विचारलं.

"नाही. आपण सगळे बाहेरच्या, उधाण अडवायच्या बांधावर होतो."

"म्हणजे कुणी बघत नव्हतं."

"नाही."

सोंग माणूस बघणाऱ्यापुढे करतं. रिकाम्या वाफ्यात कोण कशाला रांगत जाईल? आणि रविवारची ती ओळ. सोमवारी त्याने तिला आठ वेळा चालवलं, त्याच्या आधीच पोरीचा तोल गेलेला होता.

मी म्हणालो, "मी गाडी काढतो." ओळंब्याने कमरेची दोरी सोडली, बांध मापायची, आणि वाकून प्रत्येक ओळीतल्या डाव्या-उजव्या पावलांमधलं आडवं अंतर मापून एकेक गाठ मारली. शनिवारची, रविवारची, सोमवारची. चौथी मारायला गेला आणि थांबला, कारण मंगळवारच्या शेवटच्या दोन पावलांत त्याची वीत पुरेना. मग दोन्ही हातांनी मापून ती गाठ मारली.

मोटारसायकलवर मी पुढे, मधे टिटवी, मागे ओळंबा. तिचं डोकं माझ्या पाठीवर सारखं आपटत होतं. सव्वा तासाचा रस्ता. एरवी मी गाडीवरही गप्प बसत नाही. त्या दिवशी ओळंब्याने एकदाच तोंड उघडलं, "खड्डा चुकव." मी चुकवला.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात लाकडी बाकांवर दोन तास गेले. आमच्या पायांवरचा खार वाळून फरशीवर पांढरी भुकटी पडत होती. झाडणाऱ्या बाईने एकदा झाडलं, दुसऱ्यांदा झाडताना आमच्याकडे बघून म्हणाली, "पाय वर घ्या." ओळंब्याने पाय वर घेतले. चार वाफ्यांचा धनी माणूस, पोरगी मांडीवर घेऊन बाकावर पाय आखडून बसला होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी टिटवीला सांगितलं, तुझ्या नाकाला बोट लाव, मग माझ्या बोटाला. टिटवीचं बोट निघालं ते हेलकावे खात गेलं आणि बाईंच्या बोटाच्या बाजूने पुढे निघून गेलं. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. डोळे एका बाजूला न्यायला सांगितले तर बुबुळं थरथरायची. उभं केलं तर ओळंब्याने धरायच्या आत ती बसली.

"ताप? फिट? आधी काही आजार?"

"कांजिण्या," ओळंबा म्हणाला. "तीन आठवडे झाले."

"आणि हे चालणं कधीपासून बिघडलं? नक्की सांगा. अंदाजे नको."

ओळंब्याने दोरी टेबलावर ठेवली. "शनिवारी एवढं होतं. रविवारी एवढं. सोमवारी, आणि मंगळवारी एवढं. मंगळवारी निम्म्यातून बसून गेली."

बाईंनी दोरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "हे मापलं कुणी?"

"चिखलात उमटलं होतं."

त्यांनी पट्टी काढून गाठींमधलं अंतर मोजलं आणि कागदावर लिहून घेतलं. मग टिटवीला आत नेलं. डोक्याचा फोटो काढला, पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढलं. ती रडली ते आम्हाला बाहेर ऐकू आलं. ओळंबा भिंतीवरची सूचना वाचत उभा होता. त्याला वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीही आल्या होत्या. बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. मेंदूच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणारा एक भाग असतो. कांजिण्या बऱ्या झाल्यावर एखाद्याच मुलाला तिथे सूज येते. हजारोंत एखाद्याला.

"अकरा पोरांना झाल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "हिच्या भावालाही. मग हिलाच का?"

"ते मला नाही सांगता येणार."

"चालेल का?"

"बहुतेक मुलं चालतात. कुणी तीन आठवड्यांत, कुणी तीन महिन्यांत. काहींचं थोडं राहून जातं, हात थरथरतो, बोलणं जड राहतं. आत्ताच मी काही लिहून देणार नाही. सूज उतरली की मात्र तिला चालवायचं. पडेल, तरी चालवायचं. फक्त तिच्या मनाने चालली पाहिजे, धाकाने नाही."

ओळंबा इतका वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होता. कडा सरळ होती. तो म्हणाला, "मी तिला भरलेली कळशी देऊन बांधावर चालवलं. आठ वेळा. आजारी असताना. त्याने वाढलं का?"

"नाही. त्याने हा आजार वाढत नाही."

"उन्हात चालवलं."

"उन्हानेही नाही." बाईंनी आजारापुरतं उत्तर दिलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

नऊ दिवस मायलेकी दवाखान्यात राहिल्या. ओळंबा दिवसा वाफ्यात, संध्याकाळी शहरात, सकाळी परत. उधाण आलं आणि गेलं, त्याचे बांध टिकले. चौथा वाफा तसाच पडला होता. मुकादम म्हणाला, याचा तळ कधी होणार. मी ओळंब्याला विचारलं, "मी तुडवू का?" त्याने बराच वेळ त्या पावलांकडे बघितलं. मग म्हणाला, "तुडव." माफी मागायला मला शब्द सापडत नव्हते, रेडिओ असून. पाच दिवस मी त्याचा वाफा तुडवला. पंज्यांच्या खुणा आधी पुसल्या.

टिटवी घरी आली ती वहिनींच्या कडेवर. सात वर्षांचं पोर कडेवर. हळूहळू ती बसायला लागली, मग भिंत धरून उभी राहायला लागली. बोलणं सुधारलं, पण एकेक शब्द तोलून मापून यायचा. भावाने हसून दाखवलं की त्याला चिमटा काढायची, चिमटाही हुकायचा. वहिनी तिला अंगणात चालवायच्या, दोन खांबांना दोर बांधून.

एक गोष्ट मात्र वहिनींच्या आठवड्याने लक्षात आली. ओळंबा फाटकातून आत आला की टिटवी खाली बसायची. जिथे असेल तिथे. चार पावलं टाकून पाचवं टाकायच्या बेतात असेल तरी बसायची आणि जमिनीकडे बघत राहायची. तो पाणी पिऊन बाहेर गेला की परत उठायची.

"मला भिते," ओळंबा मला म्हणाला. आम्ही बांधावर बसून पायांच्या भेगांत तेल भरत होतो. "मी आलो की चालत नाही. आणि चालली नाही तर बरी होणार नाही."

"पोरं विसरतात."

"तू विसरलास? बापाने अकरा वेळा चालवलेलं?"

मी भेगेत तेल भरत राहिलो.

तो उशिरा घरी जायला लागला. अंधार पडेपर्यंत इथे काहीतरी खुडबुड करायचा, म्हणजे तिकडे पोरीला चालायला वेळ मिळावा. मग वहिनींनी त्याच्याकडून ती दोरी मागून घेतली. रोज दुपारी त्या अंगण शिंपायच्या, टिटवीला त्यावरून चालवायच्या, दोन पावलांमधलं अंतर मापून गाठ मारायच्या आणि ती दोरी डब्याच्या फडक्यात बांधून पाठवायच्या. ओळंबा डबा उघडायच्या आधी गाठ बघायचा. कुठल्या दिवशी बोटभर कमी, कुठल्या दिवशी काहीच नाही. एकदा वाढली होती, त्या दिवशी तो जेवला नाही. लेकीचं चालणं त्याला असं रोज फडक्यातून मिळायचं.

पाण्याचा प्रश्न होताच. मुकादम म्हणाला, दुसरी एखादी पोरगी लावू. ओळंबा म्हणाला, "ते काम तिचं आहे. ती येईपर्यंत मी आणतो." आणि आणायला लागला, खालच्या रस्त्याने, दोन हातांत दोन कळश्या. मिठागरातला सगळ्यात चांगला बांध घालणारा माणूस बारा जणांना पाणी वाढत फिरतो म्हटल्यावर त्याला पाणक्या म्हणायला कितीसा वेळ लागणार? हे नाव मी दिलेलं नाही. मी कुणाला ते थांबवलंही नाही, पण माझ्या तोंडून ते गेलं नाही.

दोन महिने होत आले. वाफ्यांत पाणी सोडलं, ऊन तापलं आणि पाण्यावर पहिली पांढरी साय धरायला लागली. एका दुपारी वहिनी डब्याबरोबर टिटवीलाही घेऊन आल्या. कडेवर नाही, हाताला धरून, खालच्या रस्त्याने. लोकांनी हाका मारल्या. मुकादम म्हणाला, "आल्या बाईसाहेब." तिने त्याला जीभ दाखवली. ओळंबा बांधावर उभा होता. तो दिसल्याबरोबर ती शेवटच्या वाफ्याच्या टोकाला, वाळूच्या ढिगावर बसली.

"चल, बांधावर जाऊ, मी धरते," वहिनी म्हणाल्या.

"नको."

"बाबांना दाखव."

"नको." आणि तिने पाय अंगाखाली घेतले.

ओळंब्याने हे ऐकलं. तो हौदाकडे गेला. कळशी भरली, आणि कमरेवर न घेता डोक्यावर ठेवली. एक हात लावला. मग बांधावर चढला. मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. आमच्यात मोठी माणसं डोक्यावरून पाणी आणत नाहीत. पंचवीस वर्षांत त्याने कळशी डोक्यावर घेतली नसेल. टाचांना भेगा, मान फावड्याने आखडलेली. चौथ्याच पावलाला पाणी त्याच्या कानात गेलं.

तो तसाच चालत टोकाला आला आणि टिटवीसमोर उभा राहिला. सदऱ्याचा खांदा भिजला होता. ती ओल्या खांद्याकडे बघत होती.

"सांडलं रे, ओळंब्या," मी माझ्या वाफ्यातून म्हणालो.

"तुला कुणी विचारलं?"

सगळे बघायला लागले होते. फळीने पाणी ढवळणारी माणसं फळ्या धरून उभी राहिली. टिटवीने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बापाकडे बघून, सावकाश, एकेक अक्षर जोडत म्हणाली, "पुन्हा."

तो परत हौदावर गेला. दुसऱ्या खेपेला निम्म्यावर सांडलं. "पुन्हा," ती म्हणाली, जरा मोठ्याने. कुणीतरी हसलं. ओळंब्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो वळला. तिसऱ्या खेपेला त्याचा पाय घसरला, घोटाभर पाण्यात गेला. त्याने स्वतःच्या बांधाचा कोपरा मोडला. मुकादमाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि वहिनींकडे बघून मिटलं.

चौथ्या खेपेला तो हौदाजवळ होता तेव्हा टिटवी म्हणाली, "इथून नीट दिसत नाही." ढिगावर हात टेकून ती उठली आणि बांधाच्या टोकावर चढून उभी राहिली. पाय फाकलेले, एक हात बाजूला काढलेला. वहिनी अर्ध्या उठल्या. मी हाताने खूण केली, बसा. त्या बसल्या.

ओळंबा येत होता. त्याने समोर बघितलं आणि त्याला ती बांधावर उभी दिसली. तेवढ्यात त्याची मान हलली, कळशी कलली, आणि त्याने झटकन दुसरा हात वर नेऊन ती धरली. तशीच दोन्ही हातांत धरून, पाय न उचलता सरकवत, तो तिच्यापर्यंत आला. एक थेंब सांडला नव्हता. खांदा होता तेवढाच ओला होता. त्याची हनुवटी थरथरत होती, ती मानेच्या शिणाने असेल किंवा नसेल.

टिटवीने कळशीकडे बघितलं. मग त्याच्या हातांकडे.

"बाबा, दोन हात लावलेत," ती म्हणाली. "पुन्हा."

"हो," ओळंबा म्हणाला.

तो वळला आणि हौदाकडे चालायला लागला. ती थोडा वेळ उभी राहिली. मग त्याच्या मागून निघाली, आता परत दोन हात लावतो का ते बघायला. पहिलं पाऊल जरा बाहेर पडलं, दुसरं बांधाच्या कडेला, तिसरं नीट. दोन पावलांमधे एक वीतभर अंतर असेल, जास्त नाही. ओळंब्याला मागून तिच्या पायांचा आवाज येत असणार. त्याने मागे वळून बघितलं नाही, फक्त चाल हळू केली.